रागांचा तक्ता नको, रुग्णाचे गाणे हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : ठाणे व नवी मुंबईतील रुग्णालयांत संगीतोपचार

घोडबंदर रस्त्यापासून सीवूड्सपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘रागचिकित्सा’ शिबिरांच्या जाहिराती सतत फिरत असतात. सोबत हमखास एक तक्ता असतो : दरबारीने डोकेदुखी जाते, मालकंसाने ताप उतरतो, भूपाने रक्तदाब आटोक्यात येतो. आम्ही भौतिकोपचार, वाचा-उपचार आणि संगीत या क्षेत्रांत काम करणारी माणसे आहोत. उपचारात संगीताचा उपयोग होतो, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. म्हणूनच हा तक्ता आम्हाला खटकतो. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या किंवा कंपवाताने (पार्किन्सन) पाऊल अडखळणाऱ्या माणसाला संगीतातून जे खरोखर मिळू शकते, ते या तक्त्यात कुठेच नसते.

तक्त्यातली पहिली अडचण कुठल्याही गाणाऱ्याच्या चटकन लक्षात येईल. दरबारी म्हणजे कोणता दरबारी? विलंबित एकतालातला बडा ख्याल, की द्रुत तीनतालातला तराणा? राग एकच, पण ऐकणाऱ्याचा श्वास आणि नाडी दोन्ही वेळी सारखी राहत नाही. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाच्या लुचानो बर्नार्दी यांनी २००६ साली २४ जणांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सहा प्रकारचे संगीत ऐकवले होते आणि भारतीय रागही त्यात होता. लय वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. संगीताचा प्रकार कोणता आणि तो ऐकणाऱ्याला आवडतो की नाही, याने फारसा फरक पडला नाही. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, तेव्हा हे आकडे सुरुवातीपेक्षाही खाली आले. म्हणजे मन शांत करायचे असेल तर आवडीच्या गाण्यांतली संथ गाणी निवडावीत आणि दोन गाण्यांच्या मध्ये विराम ठेवावा. एकामागून एक आपोआप वाजत राहणाऱ्या यादीत नेमका हा विरामच नाहीसा होतो.

‘४३२ हर्ट्‌झ’ नावाचे खूळही याच जाहिरातींतून येते. वाद्ये ४४० ऐवजी ४३२ ला जुळवली की पेशी बऱ्या होतात, असा दावा असतो. आपल्याकडे षड्ज, म्हणजे ‘सा’, ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे लावतात. कुणी पेटीच्या पांढरी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये. ज्या परंपरेत ‘सा’च ठरलेला नाही, तिला हा दावा लागू करायचा तरी कसा?

मग जुन्या लोकांनी संगीत उपचाराला वापरले, ते कशाच्या आधारावर? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनापूर्वी रुग्णगृहात काय काय सज्ज ठेवावे याची यादी आहे. तीत गाणारी, वाजवणारी, गोष्टी-आख्याने सांगणारी आणि रुग्णाचे मन ओळखणारी माणसे आहेत. कोणत्या रोगाला कोणता राग, हे तिथे नाही. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान दुसरा बायझीद याने १४८८ मध्ये पूर्ण केलेल्या संकुलात रुग्णालय होते. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो की तिथे दहा गायक-वादक नेमलेले होते आणि ते आठवड्यातून तीन वेळा रुग्णांसाठी वाजवत. इजिप्त, सुदान, इथिओपियातल्या झार या, अंगातल्या आत्म्याला शांत करण्याच्या विधीत वादक एकामागून एक ठेके वाजवून पाहतात आणि रुग्ण कशाला प्रतिसाद देतो ते बघून पुढे जातात. अमेरिकेतील नवाहो या मूळ रहिवाशांत गाण्यांनी चालणारे काही उपचारविधी नऊ-नऊ रात्री चालतात आणि सगळे नातेवाईक जमतात. या विधींमागच्या श्रद्धा वेगवेगळ्या आहेत आणि त्या रुग्णालयात आणायच्या नाहीत. घ्यायच्या आहेत त्या चार गोष्टी : ठरलेली वेळ, समोर जिवंत माणूस, सोबतीला आपली माणसे, आणि रुग्णाकडे बघून केलेला बदल.

श्वासाच्या बाबतीत तर दोन अगदी लांबच्या परंपरा एकाच आकड्यावर येऊन भेटतात. बर्नार्दी यांच्याच गटाने २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी त्याच्याशी जुळल्या. एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचे झाले की हे घडते. जात्यावरची ओवी किंवा संथ नामस्मरण करताना कुणालाही हे घड्याळ लावून तपासता येईल. मात्र एका दमात जास्तीत जास्त नाव घेण्याची चढाओढ लागली की चक्कर येते. दम्याच्या आणि हृदयरोगाच्या रुग्णांनी त्या फंदात पडू नये.

‘रुग्णाचे गाणे’ म्हणताना आपल्याच भागाकडे नीट पाहायला हवे. घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या आगरी आजीला लग्नातले धवले आठवतील, चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या आजोबांना होडीवरची गाणी. वाशी-नेरुळच्या इमारतींत मल्याळी, तमिळ, गुजराती घरे आहेत. या सगळ्यांना स्मृतिभ्रंशाच्या वॉर्डात एकच बासरी लावून ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. स्मृतिभ्रंशात साधारण पंधरा ते पंचवीस या वयात ऐकलेली गाणी जास्त टिकून राहतात. आज ऐंशी वर्षांच्या माणसासाठी १९६० ते १९७० ही दहा वर्षे आधी धुंडाळावीत. घरच्यांना तीन प्रश्न विचारावेत : तेव्हा कुठल्या गावी राहत होते, घरात रेडिओ होता का, आणि लग्नात-सणात काय गायचे? आंघोळ किंवा जेवण या कटकटीच्या वेळेच्या दहा मिनिटे आधी यातले गाणे लावावे, त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा. एखाद्या गाण्याने रडू कोसळले आणि ते थांबेना, तर ते गाणे यादीतून काढावे आणि वहीत तसे लिहून ठेवावे.

आता चालण्याविषयी जरा सविस्तर, कारण इथे सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त पदरात पडते. कंपवातात मेंदूच्या आतले वेळेचे गणित बिघडते. बाहेरून नेमका ठेका मिळाला की पाऊल त्याला धरून पडू लागते. अमेरिकेत मायकल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली. १९९६ मधल्या त्यांच्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या रोजच्या सरावाने कंपवाताच्या रुग्णांचा चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी वाढली. पक्षाघातानंतरच्या चालीतही ही पद्धत वापरतात.

करायचे असे. कॉरिडॉरमध्ये दहा मीटर मोजून चिकटपट्टी लावायची, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे सोडायचे. रुग्णाला नेहमीच्या चालीने चालवून दहा मीटरला लागलेले सेकंद आणि पावले लिहायची. मग मिनिटाला किती पावले पडतात ते काढायचे. समजा ८० आली. पहिले काही दिवस तबला यंत्र किंवा मोबाइलमधले ॲप ८० वरच लावायचे. पाऊल ठेक्यावर बसले की पाच टक्के वाढवून ८४, मग ८८. एकदम १०० वर उडी घ्यायची नाही. सत्र वीस ते तीस मिनिटांचे, मध्ये बसायला खुर्ची. शेवटच्या दोन फेऱ्या ठेका बंद करून चालवायचे, कारण घरी जाऊन रुग्णाला त्याशिवायच चालायचे आहे.

ठेका कोणता, यावर आमचे मत ठाम आहे : केरवा (आठ मात्रांचा ताल), साधा, प्रत्येक मात्रेला एक पाऊल. सहा मात्रांचा दादरा घ्यायचा तर पाऊल समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे यंत्रावरची लय पावलांच्या तिप्पट, ८० पावलांना २४०. रूपक टाळावा. सात मात्रांमुळे सम एकदा डाव्या पायावर येते, एकदा उजव्या, आणि दुबळ्या बाजूचा रुग्ण गोंधळतो. झपतालात खंडावर पाऊल टाकले तर दोन-तीन-दोन-तीन अशी पावले लहान-मोठी होतात, म्हणजे जो लंगडेपणा घालवायचा तोच पक्का होतो. प्रत्यक्ष तबलजी बसला असेल तर त्याला साध्या ठेक्याशिवाय उठाव, तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे) असे काही वाजवू नये अशी विनंती करावी. तयारीच्या माणसाला हे जड जाते, पण तिहाईवर रुग्ण थबकतो आणि पडतो.

चुका ठरलेल्या असतात. उत्साह यावा म्हणून कुणी १२० च्या लयीचे गाणे लावतो. रुग्ण पुढे झुकतो, पावले बारीक आणि भरभर पडू लागतात. अशा वेळी ताबडतोब थांबवून लय मूळ आकड्यावर किंवा त्याच्याही खाली आणावी. दुसरी चूक म्हणजे मोकळ्या आलापाने सुरू होणारे गाणे : ठेका येईपर्यंत रुग्ण जागच्या जागी खिळून राहतो. तिसरी, चालता चालता टाळ्या वाजवायला लावणे. दोन कामे एकदम जमत नाहीत आणि पाऊल चुकते. चौथी चूक मोजणीत होते. कंपवाताच्या गोळीनंतर तासाभराने घेतलेला आकडा आणि गोळीचा असर उतरल्यावर घेतलेला आकडा यांची तुलना करून ‘संगीताने सुधारणा’ असे लिहिले जाते. गोळीनंतर ठरावीक वेळानेच मोजावे. सोबतच्या माणसाने दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे चालावे. कमरेला धरायचा पट्टा हवा. पावसाळ्यात ओली फरशी आणि रबरी स्लिपर हे दोन्ही नकोत.

बोलण्याचा उपचार यापेक्षा नाजूक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाल्यावर काही रुग्णांना समोरच्याचे सगळे कळते, पण शब्द बाहेर पडत नाही. याच रुग्णांना सुरात बोलवण्याची पद्धत बोस्टनमध्ये १९७३ साली मांडली गेली. सूर फक्त दोन लागतात, आपल्या भाषेत सा आणि कोमल ग. रोज लागणारे वाक्य घ्यायचे, उदाहरणार्थ ‘पाणी द्या’. पा-णी-द्या, तीन अक्षरे, तीन थाप. उपचार करणाऱ्याने रुग्णाचा डावा हात हातात घेऊन टेबलावर अक्षरागणिक एक थाप द्यायची. उजवा हात बहुधा लुळा असतो. आधी शब्दांशिवाय नुसते गुणगुणायचे. मग दोघांनी मिळून सुरात म्हणायचे. मग मिळून सुरू करून उपचार करणाऱ्याने मध्येच आवाज काढून घ्यायचा, थाप चालू ठेवायची. मग त्याने म्हणून दाखवायचे आणि रुग्णाने मागून म्हणायचे. शेवटी ‘काय हवे?’ असा प्रश्न विचारायचा आणि उत्तर सुरात घ्यायचे. हे पक्के झाले की सूर हळूहळू उतरवत साध्या बोलण्यावर आणायचे. एका टप्प्यावर दोन-तीनदा अडले तर मागच्या टप्प्यावर यावे. रुग्णाला रेटू नये.

इथे घरच्यांची एक समजूत आम्हाला कळकळीने दूर करायची आहे. बोलू न शकणारे आजोबा गणपतीची आरती अख्खी म्हणतात, हे पाहून सगळे हरखतात आणि दिवसभर आरत्याच म्हणवून घेतात. पाठ असलेले गाणे आपोआप ओठांवर येते. स्वतःच्या मनातले वाक्य जुळवणे हे मेंदूचे वेगळे काम आहे. आरतीने मन रमेल, धीर येईल, पण पाणी मागता येणार नाही. त्यासाठी वर सांगितलेली पायरीच लागते. आणि जे रुग्ण भराभर पण अर्थहीन बोलतात, ज्यांना ऐकलेले कळत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत नाही. कोणाला लागू होते हे प्रशिक्षित वाचा-उपचारतज्ज्ञानेच ठरवावे. अभ्यासांत हे सत्र आठवड्यातून पाच दिवस, दीड-दीड तासाचे असते आणि एकूण पंच्याहत्तरच्या घरात जाते. आठवड्यातून एकदा ओपीडीत वीस मिनिटे करून काही होणार नाही. म्हणून घरातल्या एका माणसाला बसवून शिकवणे हा उपचाराचाच भाग मानावा. रोजच्या गरजेची दहा वाक्ये निवडावीत : ‘चहा हवा’, ‘दुखतंय’, ‘पंखा लावा’ अशी. गाण्याच्या ओळी नकोत.

पक्षाघातानंतर नुसते ऐकणेही कामाचे असू शकते. हेलसिंकीत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांनी दोन महिने रोज किमान तासभर स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकले. त्यांची शाब्दिक स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली.

शस्त्रक्रियेबाबत २०१५ च्या ‘लॅन्सेट’मधील आढाव्यात सत्तरहून अधिक चाचण्या एकत्र पाहिल्या आहेत. संगीताने वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज कमी झाली. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. अमलात आणायला हेडफोन आणि जुना मोबाइल पुरतो. गाणी डाउनलोड करून ठेवावीत आणि मोबाइल विमान मोडवर टाकावा, नाहीतर शांत सुरांच्या मध्येच जाहिरात किंचाळते आणि नाडी होती त्याच्या वर जाते. हेडफोनचे कव्हर प्रत्येक रुग्णाला नवे किंवा धुतलेले हवे. बाजूला उभ्या सिस्टरचे साधे बोलणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. अतिदक्षता विभागासाठी २०१३ मधील अमेरिकेतला अभ्यास मार्गदर्शक आहे. व्हेंटिलेटरवरच्या ३७३ रुग्णांच्या त्या चाचणीत एका गटाला हवे तेव्हा संगीत सुरू आणि बंद करण्याची मुभा होती. त्यांची चिंता आणि गुंगीच्या औषधांची गरज कमी झाली. बटण रुग्णाच्या हाती असावे. वॉर्डभर स्पीकर लावला की शेजारच्या खाटेवरच्याची झोप जाते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात तर मोबाइल इनक्युबेटरवर ठेवूच नये. तिथे एकूण आवाजच ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. आईने किंवा बाबांनी हलक्या आवाजात म्हटलेली अंगाई चालते, मात्र तीही बाळाकडे बघत. बाळाने तोंड फिरवले, बोटे ताणून पसरली, उचकी लागली किंवा मॉनिटरवर ऑक्सिजन उतरला, की गप्प व्हावे.

मर्यादाही सांगतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी नऊ देशांत ३६४ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने मुख्य लक्षणांत फरक दिसला नाही. संगीताच्या निमित्ताने मूल दुसऱ्याकडे पाहू लागते, वाट पाहायला शिकते, हे मोलाचे आहे, पण ‘स्वमग्नता बरी होते’ असे सांगून पालकांकडून हजारो रुपये घेऊ नयेत. गर्भसंस्काराच्या नावाने विकला जाणारा ‘मोझार्ट परिणाम’ १९९३ साली ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर दिसला होता आणि पंधरा मिनिटांत ओसरला होता. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. नैराश्यात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार दिला तर उपयोग होतो. गोळ्या बंद करून नव्हे. ज्यांना विशिष्ट संगीताने फिट येते, कानात सतत आवाज येतात किंवा भास होतात, त्यांच्या कानाला हेडफोन लावण्याआधी डॉक्टरांना विचारावेच.

आमची मागणी मोठी नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय यांच्या फिजिओथेरपी विभागांनी चालण्याच्या ठेक्यापासून सुरुवात करावी. लागेल ती मोजपट्टी, स्टॉपवॉच, ठेक्याचे ॲप, चार हेडफोन आणि एक नोंदवही. वहीत तारीख, गोळीची वेळ, दहा मीटरचे सेकंद, पावले, लावलेली लय आणि रुग्ण काय म्हणाला, एवढे रकाने पुरेत. सहा आठवड्यांनी आकडे हलले नाहीत तर पद्धत बदलावी. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात स्थानिक भजनी मंडळांना बोलवायचे झाले तर आधी डॉक्टर आणि परिचारिकांसोबत बसून कोणत्या वॉर्डात, किती जण, किती वेळ, हे ठरवावे. अर्धा तास आणि चार जण पुष्कळ झाले. झांजा नकोत, टाळ हलके चालतील. रुग्णांना ऐकत बसवण्यापेक्षा त्यांच्या हाती टाळ द्यावेत.

दोन्ही महापालिकांनी आणि पोलिसांनी रुग्णालयांभोवतीचे शांतता क्षेत्र सणासुदीतही राखावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती रुग्णालयासमोरून जात असताना आत हेडफोन वाटण्यात काही अर्थ नाही.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना एक विनंती. शिबिरासाठी हॉल मागणाऱ्याला आधी विचारा : रुग्णांसोबतचे प्रशिक्षण कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली घेतले, सुरुवातीला काय मोजता, किती आठवड्यांनी पुन्हा मोजता, आणि फरक पडला नाही तर काय करता? खरोखर काम करणारा माणूस पहिल्या भेटीत रुग्णाची औषधे, ऐकू किती येते आणि आवडीची गाणी विचारतो, राग नंतर. ‘औषधे बंद करा’ म्हणणाऱ्याला हॉल देऊ नका.

आपले,
भौतिकोपचार, वाचा-उपचार व संगीत क्षेत्रांत काम करणारे काही ठाणेकर व नवी मुंबईकर